पहिल्या सुपाची तंबाखू

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अंगावर पाल पडली की किंचाळणाऱ्या बायका असतात, त्यांतली मी नव्हे. किंचाळायलाही आवाज फुटत नाही, त्यांतली. माझं माहेर उचगावचं, भाताच्या खाचरांतलं. तिथे मी मारक्या बैलाला भ्यायले, आडाला भ्यायले, चुलत्याच्या खाकरण्याला भ्यायले. पण सरकारला कधी भ्यायले नव्हते. सरकार आमच्या चुलीपर्यंत आलंच नव्हतं. ते आलं लग्नानंतर, सासरी, निपाणीजवळच्या खेड्यात. तिकडे जर्मनीची लढाई चालली होती म्हणे. आमच्याकडे तंबाखू चालली होती.

घरात आम्ही तिघंच. मालक, मी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळा गाव आक्का म्हणायचा, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. उंच, हाडापेरानं मोठी बाई. तिच्या तोंडून खोटं कधी निघायचं नाही आणि गोडही फारसं निघायचं नाही. पहिल्या हंगामात तंबाखूच्या वासानं मला भोवळ यायची, उलट्या व्हायच्या. शेजारणी माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसू लागल्या, तेव्हा आक्कानं त्यांना अंगणातूनच सुनावलं, "हसू नगासा. तंबाखू लागलीया तिला, पोर न्हवं."

त्या दिवसांत मला सांभाळलं ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशीनं. ती विधवा होती, ओढ्याकाठी एका खोपटात एकटी राहायची. लावणीपासून चाळणीपर्यंत आमच्या तंबाखूला तिचे हात लागलेले असायचे. तोंडाला फडकं कसं बांधायचं, घेरी आली की गुळाचा खडा दाढेखाली कसा धरायचा, हे तिनंच मला शिकवलं. तिला शौक एकच, मिश्रीचा. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी उंबऱ्यावर बसून सावकाश दात घासायचे. ती मिश्री लावत असताना तिच्याशी बोललेलं तिला आवडायचं नाही.

मग एका सकाळी दवंडी आली. तंबाखू लावणाऱ्यानं परवाना काढायचा. निघालेला माल सरकारच्या तंबाखूवरल्या साहेबाला दाखवायचा, त्याच्यासमोर वजन करायचा, त्यानं लाखेचा शिक्का मारलेल्या खोलीत ठेवायचा. त्याच्या चिठ्ठीशिवाय एक पान इकडचं तिकडे हलवायचं नाही. सरकारनं तंबाखूवर कर बसवला होता. कर भरायचा होता व्यापाऱ्यानं. पण तोवर माल आमच्या घरात होता, म्हणून भीती आमच्या घरात आली.

मालक चौथीपर्यंत शिकलेले. परवान्याचा छापील कागद त्यांनी तीनदा वाचला. प्रत्येक वेळी आवाज खाली खाली जात गेला. शेवटी तो कागद त्यांनी देवघरात देवीच्या तसबिरीमागे ठेवला. आमच्या घरात जपायच्या वस्तूंची तेवढी एकच जागा होती. निपाणीचा व्यापारी पूर्वी उभं पीक बघून, मान हलवून शब्द देऊन जायचा. त्या वर्षी तो बांधावरूनच म्हणाला, "आधी सायबाचा शिक्का पडू दे, मग बोलू." दुकानातली तंबाखूची पुडी त्याच पैशांत निम्म्यावर आली. मावशीनं ती उलगडून बघितली आणि दुकानदाराला विचारलं, "ह्येनं दात कुनाचं घासू? मुंगीचं?" सगळे हसले. पण त्यानंतर ती एक दिवसाआड मिश्री लावू लागली, आणि मधल्या दिवशी तिच्या वाऱ्याला उभं राहायची सोय नव्हती.

आता आमच्या घरच्या रिवाजाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच घडलं. तंबाखू वाळवून, झोडून, चाळून रास झाली की तिच्यातलं पहिलं सूप देवाचं. ते भरायचं घरातल्या सगळ्यात नव्या सुनेनं. तंबाखू भरायच्या पोत्याला तिकडे बोद म्हणतात. उशीएवढा एक लहानगा बोद आक्कानं त्यासाठी मुद्दाम शिवून ठेवलेला असायचा. त्यात ती तंबाखू भरायची, हळदीच्या दोऱ्यानं तोंड बांधायचं आणि देवघरात ठेवायचं. गुढीपाडव्याला तो सोडायचा आणि राबलेल्या प्रत्येक बाईच्या पदरात एक एक ओंजळ घालायची. त्याला तराजू लावायचा नाही, त्याची मोजदाद करायची नाही. देवाचं मोजलं की पुढच्या साली देव आपलं मोजतो, असं आक्का म्हणायची.

त्या वर्षी नवी सून मी होते. पहिलं सूप मी भरलं. सगळ्या बायका बघत होत्या. थोडी तंबाखू खाली सांडली, तेव्हा मावशी म्हणाली, "सांडू दे गं, भुईचाबी वाटा असतोय."

चार दिवसांनी साहेब आले. धारवाडकडचे असावेत; मराठी जपून, एकेक शब्द ठेवून बोलायचे. चष्मा, डोक्याला टोपी, नाकाला रुमाल. तंबाखूचा खकाणा त्यांना सोसत नव्हता आणि काम मिळालं होतं तेच. त्यांना शिंकांवर शिंका येत होत्या आणि बरोबरचा शिपाई दर शिंकेला अदबीनं थांबत होता. एरवी मी पदरात हसले असते. त्या दिवशी मला ती प्रत्येक शिंक माझ्याच अंगावर येतेय असं वाटत होतं. वजन झालं, खोलीला कुलूप लागलं, वितळलेल्या लाखेवर शिक्का उमटला. आमच्याच घरातली आमचीच खोली, आणि तिच्याकडे बघताना मला परक्याच्या दारात उभं असल्यासारखं वाटलं.

साहेबांनी कागद पुढे केला आणि मालकांना विचारलं, "याखेरीज घरात तंबाखू आहे?"

"न्हाय साहेब," मालक म्हणाले आणि सही केली.

ते खोटं बोलले नव्हते. आक्का शेजारीच उभी होती, तिलाही ते खोटं वाटलं नाही. देवघरात परवान्याच्या पुढ्यात तो लहानगा बोद हळदी-कुंकू लावून बसला होता, पण तो आमच्या कुणाच्या मनातसुद्धा आला नाही. ती देवाची तंबाखू. ती आमची कुठे होती?

पंधरा दिवस गेले असतील. मी ओढ्यावरून धुणं घेऊन येत होते. निपाणीच्या रस्त्यावरून दोन शिपाई एका शेतकऱ्याला घेऊन चालले होते. त्याच्या डोक्याला पागोटं नव्हतं. हातांना दोरी होती. पलीकडच्या गावचा माणूस, आमच्या मालकांच्या ओळखीचा. बाजाराच्या दिवशी दोघं एका झाडाखाली बैल बांधायचे. कुणीतरी सांगितलं, भुशाखाली तंबाखूचं मडकं सापडलं. एक मडकं. तो माणूस खाली बघून चालला होता आणि पायात काटा मोडल्यासारखा लंगडत होता. पण काटा काढायला कुणी थांबत नव्हतं.

मालकांनीही त्याला पाहिलं. घरी येऊन जेवायला बसले आणि पहिला घास हातातच राहिला. नजर देवघराकडे गेली होती. मीही त्यांच्या नजरेमागे बघितलं.

"आक्का," ते म्हणाले, "द्येवाचा बोद."

आक्का म्हणाली, "त्येचं काय?"

"मी सही केलिया. घरात न्हाय म्हनून."

तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर ती खाली बसली. ती बाई मी अशी मधेच, काम टाकून बसलेली कधी पाहिली नव्हती.

भीती म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. साहेबाला जाऊन सांगावं, तर केलेली सही खोटी ठरणार. जाळावी, तर तंबाखूचा धूर सगळ्या गल्लीला खोकायला लावणार. आडात टाकावी, तर पाणी पिण्याचं. शेतात न्यावी, तर वेशीवर शिपाई, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बुट्टीत हात घालून बघत बसलेला. मालक हळूच म्हणाले, परड्यात पुरूया. आक्का उसळली. "द्येवाचं पुरायचं? मढं हाय व्हय त्ये?" शेजारच्या म्हाताऱ्यानं काही माहीत नसताना ओट्यावरून आम्हाला ऐकवलं, कर नाही त्याला डर कशाला. ज्यानं ही म्हण काढली, त्याच्या घरावर कधी लाखेचा शिक्का पडला नसावा.

मला झोप लागेना, अन्न जाईना. दारावर कुणी काठी आपटली की मी मालकांच्या मनगटांकडे बघायची. केसाळ, रुंद मनगटं. त्यांच्यावर दोरी कशी दिसेल, हे मला सारखं दिसायचं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्या माणसाशी मी अजून धड चार वाक्यं सलग बोलले नव्हते, आणि तो गेला तर आपण कसं जगायचं, हा विचार मला पुरता करताही येत नव्हता.

तेवढ्यात बातमी आली की साहेब फेरतपासणीला येणार, पाडव्याच्या आधी. तेव्हा मीच बोलले. नव्या सुनेनं मधे बोलायची पद्धत नव्हती, पण भीतीपुढे पद्धत कसली. म्हटलं, "आक्का, पाडव्याला वाटतोच की आपण. आत्ताच वाटू."

आक्का उठली. मग तिनं भर दुपारी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि हळदीचा दोरा स्वतः तोडला. मला म्हणाली, "भरलंयस तू. वाट तूच."

बायका एकेक करून आल्या. कुणी शेणी न्यायच्या निमित्तानं, कुणी ताक मागायला. प्रत्येकीच्या पदरात मी ओंजळ घातली आणि कानाशी सांगितलं, दडवून ठेव, भाजू नको, दाखवू नको. त्यांनी मान हलवली. वर्षानुवर्षं ज्याला हळदी-कुंकू लावून घेतलं, ते त्या दिवशी चोरीचा माल घ्यावा तसं घेऊन गेल्या. सगळ्यात शेवटी मावशी आली. बोदात अजून तीन-चार ओंजळी उरल्या होत्या. मला तो बोद रिकामा हवा होता, बस. मी तो तिच्या पदरात उपडा केला, झटकला. ती आनंदानं बघत राहिली. "एवढी? अगं, मला एकलीला?"

मी म्हटलं, "न्या मावशी, न्या लौकर."

आणि तिला सांगायचं ते सांगायला विसरले. इतर सगळ्यांना सांगितलं, तिलाच नाही. तिची पाठ दाराबाहेर गेली तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की सुटलो.

दोन दिवसांनी साहेब आले, सकाळच्याच वेळी. शिक्का बघितला, तोडला, आत गेले, शिंकले. वजन जमलं. मग म्हणाले, घर बघतो. देवघराच्या दारात त्यांनी बूट काढले, टोपी काढली, वाकून आत बघितलं. रिकामा बोद मी धुऊन, घडी करून देवीच्या चौरंगाखाली घातला होता. त्यांनी हात जोडले आणि मागे फिरले. मालकांनी सोडलेला श्वास मला चुलीपाशी ऐकू आला. साहेब ओट्यावर बसले, आक्कानं त्यांना ताक दिलं; मीही तिच्यामागे दारात आले. ताक चांगलं आहे असं ते म्हणाले, दुसरा पेला मागितला. मला हसूही येत होतं आणि रडूही.

तेवढ्यात शिपाई अंगणात आला. त्याच्या मागे मावशी. शिपायाच्या हातात एक गाडगं होतं.

तिनं तवा ठेवला होता. कित्येक दिवसांनी मनाजोगी मिश्री करायची म्हणून मूठभर तंबाखू भाजायला घेतली होती. पूर्वी असा वास घरोघरी यायचा, त्याच्याकडे कुणी मान वळवली नसती. पण आता दोन बोटांच्या चिमटीएवढी पुडी मिळत होती. खोपटातल्या विधवेकडे मूठभर तंबाखू भाजली जातेय, हे त्या वासानंच शिपायाला सांगितलं.

साहेबांनी पेला खाली ठेवला, गाडग्यात बोट घालून बघितलं. "ही दुकानची नाही. कुठून आणलीस, बाई?"

मावशीनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"कुणी दिली?"

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढाच. पण त्या तेवढ्यात मला सगळं सांगता आलं असतं. मी दिली, एवढे दोन शब्द. मी मालकांच्या मनगटांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

माझ्या शेजारी आक्का हलली. ती पाऊल पुढे टाकत होती. आक्का खोटं बोलत नसे, आणि खरं गिळणंही तिला ठाऊक नव्हतं. ती काय बोलणार हे मला कळलं आणि मी पदराआडून तिचा हात धरला. धरला म्हणजे आवळला. माझी नखं तिच्या हातात रुतली. आक्का थांबली.

"चोरली," मावशी म्हणाली.

"कुठून?"

"ह्येंच्या राशीवरनं. वजन व्हायच्या आदी. म्या काम करत हुतो तितं. वटीतनं न्हेली थोडी थोडी."

साहेबांनी मालकांना विचारलं, "खरं आहे का हे?"

मालक म्हणाले, "आमास्नी ठावं न्हाय, साहेब." त्यांचा आवाज त्यांचा वाटला नाही.

मला आज वाटतं, साहेबांना काही कळलं असावं. त्यांनी एकदा आक्काकडे बघितलं, एकदा चौरंगाच्या दिशेनं बघितलं. मग रुमाल नाकाला लावला. त्यांच्या वर कुणी मोठा साहेब असेल, त्याला तेही भीत असतील. मावशीला चावडीवर दिवसभर बसवलं. कसल्याशा कागदावर अंगठा घेतला, पुन्हा असं करणार नाही म्हणून. गाडग्यातली तंबाखू चावडीपुढे ओतून पेटवली, सगळ्यांना दिसावं म्हणून. आमच्या घरापर्यंत धूर आला. आक्का चुलीपुढे बसून होती. तिच्या हातावर माझ्या नखांच्या चार खुणा होत्या. त्या बघत ती म्हणाली, "तोंड धरलंस माजं तू." एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

ऊन कलताना मावशीला सोडलं. मालक तिच्या खोपटात जोंधळे आणि लुगडं घेऊन गेले. मीही मागे गेले, दारापर्यंतच. मावशीनं जोंधळे ठेवून घेतले, लुगडं परत केलं. "लुगडं नगं. लोक म्हनतील, ह्येबी चोरलं." मालक काहीतरी बोलू बघत होते, तर ती खेकसली, "जा की आता. माजं काय न्हेनार हुतं त्ये? ह्ये खोपाट? तुमास्नी न्हेलं असतं तर पोरीनं काय केलं असतं?" मग दारात मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

गावाला चोर मिळाला. आधी कुणाचा विळा हरवायचा, कोंबडी हरवायची, तेव्हा मांजरावर, मुंगसावर आळ जायचा. आता मावशीवर जाऊ लागला. ज्या बायका माझ्या हातून ओंजळ घेऊन गेल्या होत्या, त्या तर सगळ्यांत मोठ्यानं बोलायच्या. त्यांचं मी समजू शकते. त्याही घाबरल्या होत्या.

पुढच्या साली रास झाली तेव्हा मालकांनी साहेबांसमोर पहिलं सूप तराजूत घातलं. त्याचं वजन झालं, कागदावर चढलं, आणि ते आत कुलपात गेलं. लहानगा बोद आक्कानं पुन्हा शिवला नाही. पाडव्याला कुणाच्या पदरात काही पडलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

त्याच हंगामात एक नवी रीत पडली. पहिल्यांदा कुणी पाडली ते सांगता येणार नाही. पण राशीच्या प्रत्येक अंगणात ती दिसू लागली. संध्याकाळी काम सुटलं की बायकांनी दारात पदर झाडून दाखवायचा. मालकाचा परवाना जाऊ नये म्हणून.

आमच्या अंगणात ती रीत कुणी सांगितली नव्हती. मालकांनी नाही, आक्कानंही नाही. पण पहिल्याच दिवशी काम सुटल्यावर मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं पदर सोडला, दोन्ही हातांनी धरून झटकला, ओटी उलटी करून दाखवली. तंबाखूचा खकाणा उडाला. मागे बाकीच्या बायका रांगेनं उभ्या होत्या, बघत होत्या. आक्का जोत्यावर बसली होती, तीही बघत होती.

मावशी, तुम्ही नका, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर मागच्या बायकांनी विचारलं असतं, हिलाच का नको?

मी मान हलवली. म्हणजे, बघितलं, जा. ती पुढे कितीतरी हंगाम आमच्याकडे आली, आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर पदर झाडून गेली.